९२.५ कुठे गेलं? मुंबईच्या रेडिओवरच्या रॉकची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना शंभर वेळा आलेले 'म्हणजे' आणि 'तर' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगतो. एपिसोड रॉकच्या रेडिओवर आहे आणि त्यात रॉकचं एकही गाणं वाजलेलं नाही. तीन जणांनी मेसेज करून विचारलं की गाणी टाकायला विसरलास का. विसरलो नाही. कारण आहे, ते शेवटाकडे येईल.

सुरुवात मोऱ्यापासून करू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते ती पलीकडे आमच्या मोरा बंदराला लागते. पनवेलहून रस्त्याने यायचं तर उरण गाठून पुढे यायचं. ओहोटीला गाळामुळे लाँच बंद पडते, मग भरतीची वाट बघत बसायचं. माझा मामा माझगावला कामाला होता, रोजचा लाँचवाला. या वाट बघण्यासाठी त्याच्याकडे एक छोटा रेडिओ असायचा, काटा फिरवून स्टेशन लावायचा जुना प्रकार. त्याच्या काचेवर मामीच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. ठिपका ९२.५ वर. अंधारात, हलत्या लाँचमध्येही काटा ठिपक्यावर आणला की झालं.

मामा हळदीला बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचा. इंग्रजी त्याला बेताचंच. पण ९२.५ वर डीप पर्पल लागलं की तो धक्क्याच्या कठड्यावर बोटांनी ताल धरायचा. "शब्द कशाला कळायला पाहिजेत रे, ड्रम कळतात ना," असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन.

मग एक दिवस ठिपक्यावर काटा आणला आणि तिथं दुसरंच काहीतरी हिंदी लागलं. मामाने रेडिओ हलवला, सेल काढून परत घातले. नंतर मला विचारलं, "भाच्या, माझं स्टेशन कुठं गेलं?" त्या वयात मला काय सांगता येणार? आता सांगता येईल. त्याला वीसेक वर्षं उशीर झालाय, पण असू दे.

थोडं तांत्रिक आधी, कारण मोऱ्याला मुंबईचा रेडिओ इतका स्वच्छ का लागायचा हेही ऐकण्यासारखं आहे. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्या किती लांब पोचणार ते अँटेनाच्या उंचीवर ठरतं. शंभर मीटर उंचीवर अँटेना असेल तर सपाट प्रदेशात ढोबळमानाने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पनवेल दक्षिण मुंबईपासून हवाई अंतराने तीसेक किलोमीटर, म्हणजे हिशेबात बसतं, पण मधे डोंगर आणि इमारती येतात, त्यामुळे एका खोलीत लागतं आणि दुसऱ्या खोलीत खरखरतं. मोरा मात्र खाडीपलीकडे दहाएक किलोमीटरवर, आणि मधे बहुतेक नुसतं पाणी. पाण्यावर अडवायला कोण आहे? धक्क्यावर उभं राहिलं की मुंबईची अख्खी रेडिओ डायल आपल्यासमोर उघडी.

आता डायलकडे बघा. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० मेगाहर्ट्झ. एका शहरात दोन स्टेशनांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवायचं हा आपल्याकडचा नियम. मुंबईतले आकडे ओळीनं म्हणून बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दर वेळी बरोबर ०.८. या ओळीत ९२.५ कुठेच बसत नाही. मामाचा ठिपका ज्या जागेवर होता ती जागाच नंतर डायलवरून गेली. हे २००६ च्या सुमाराला झालं, पण त्याची मुळं बरीच मागे आहेत.

आपल्याकडे रेडिओ म्हणजे बराच काळ सरकार. १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी सुरू झाली होती, पण ती तीन वर्षांत बुडाली. पुढे सरकारने सगळं ताब्यात घेतलं आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. घरात रेडिओचा संच ठेवायला पोस्टातून लायसन घ्यावं लागायचं, आणि हे १९८० च्या दशकापर्यंत चालू होतं. आजोबांना विचारा, अनेकांच्या कपाटात ते पुस्तक अजून सापडेल.

सरकारच्या हातात डायल असली की कुणाच्या तरी आवडीनं ती चालते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. बिनाका गीतमाला तिथूनच गाजली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. जिथं सिनेमाच्या गाण्यांची ही गत, तिथं रॉक अँड रोलला कोण विचारतो?

तरीही अगदी काहीच नव्हतं असं नाही. आकाशवाणी मुंबईवर शनिवारी रात्री 'सॅटरडे डेट' नावाचा इंग्रजी फर्माइशीचा कार्यक्रम लागायचा. वांद्रे, गिरगाव, भायखळा इथली एक अख्खी पिढी त्यावर वाढली. शहरात रॉक होताच. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांबरोबर स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात जाऊन वाजवलं. ८० च्या दशकात धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरायला लागलं. रॉक मशीनसारखे आपले बँड तयार झाले, तेच पुढे इंडस क्रीड. म्हणजे ऐकणारे होते, वाजवणारे होते. रेडिओवर मात्र आठवड्यातून मोजके तास.

पहिली फट पडली १९९३ मध्ये. आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. ट्रान्समीटर सरकारचा, वेळ भाड्याने. टाइम्स एफएम हे त्यातलं मोठं नाव, मिड-डे समूहही त्यात होता. अचानक मुंबईच्या रेडिओवर मोकळ्या गप्पा मारणारे निवेदक आले आणि इंग्रजी गाण्यांना रोजची जागा मिळाली. का मिळाली ते लक्षात घ्या. तासाचं भाडं द्यायचं, तेवढ्या तासाच्या जाहिराती मिळाल्या की सुटलो, एवढंच गणित. टॉवर नाही, चोवीस तासांची जबाबदारी नाही. रात्री थोडा वेगळा प्रयोग करून बघायला काय जातं? १९९८ मध्ये हे करार पुढे वाढवले गेले नाहीत आणि हा प्रकार संपला.

दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या वादातून. त्यात न्यायालय म्हणालं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ऐकायला फार छान वाटतं. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे तुमची, माझी, मामाची. सरकारने त्यानंतर काय केलं, तर तिचा लिलाव केला.

हा लिलाव म्हणजे सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

१९९९-२००० मध्ये ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी लिलावात निघाल्या. लायसन दहा वर्षांचं. फी दरवर्षी भरायची, कमाई होवो न होवो. आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. लिलावात चुरस अशी झाली की मुंबईत एका फ्रिक्वेन्सीची पहिल्या वर्षाची फी ९ कोटी ७५ लाखांवर गेली.

मी इंजिनिअर आहे, मला आकडे असे समोर आले की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. वर्षात ५,२५,६०० मिनिटं असतात. ९.७५ कोटी भागिले तेवढी मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण १८५ रुपये. स्टुडिओ नाही, वीज नाही, निवेदकाचा पगार नाही, गाण्याची रॉयल्टी नाही. नुसता हवेत असण्याचा खर्च, आणि तोही पहाटे तीन वाजता धरून. लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचं आहे. ते एकदा वाजवलं की सरकारला दीड हजार रुपये दिल्यासारखे झाले.

आता १५ टक्के चक्रवाढ लावा. पाचव्या वर्षी फी १७ कोटींच्या पुढे. दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या पुढे. दहा वर्षांची बेरीज जवळजवळ १९८ कोटी. पाचव्या वर्षी तेच 'स्टेअरवे' वाजवायला दोन हजार सहाशे रुपये. गाणं तेच, ऐकणारा तोच मामा, लाँच तीच.

या गणितात अडकायला नको म्हणून बोली लावणारे कित्येक जण नंतर मागे फिरले. १०८ पैकी प्रत्यक्षात दोन डझनसुद्धा स्टेशनं उभी राहिली नाहीत. देशातलं पहिलं खासगी एफएम रेडिओ सिटी, जुलै २००१ मध्ये बंगळूरला सुरू झालं. मुंबईत २००२ मध्ये एकामागोमाग एक आली: रेडिओ सिटी ९१, रेडिओ मिर्ची ९८.३, विन ९४.६, रेड एफएम ९३.५. आणि मिड-डे समूहाचं गो ९२.५.

हेच मामाचं स्टेशन. बाकी सगळे हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे धावत असताना गो ९२.५ ने इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईवर पैज लावली. प्रामाणिकपणे सांगायचं तर हे निव्वळ रॉक स्टेशन नव्हतं. पॉप, जुनं-नवं सगळं मिसळून चालायचं. निव्वळ रॉकचं एफएम स्टेशन मुंबईत कधी झालंच नाही. पण दिवसाढवळ्या, आठवड्याचे सातही दिवस, गिटारचा मोठा आवाज मुंबईच्या हवेत ऐकू यावा ही गोष्ट त्याआधी झाली नव्हती. ज्यांच्याकडे सीडी घ्यायला पैसे नव्हते आणि ऱ्हिदम हाऊसमध्ये पाऊल टाकायलाही संकोच वाटायचा, त्यांच्यासाठी तर हे फुकटचं विद्यापीठ. मामाला तिथली माणसं 'टाऊनची' वाटायची, पण रेडिओला ते कुठे माहीत असतं? मोऱ्याच्या धक्क्यावर आणि मलबार हिलवर गाणं एकाच वेळी पोचायचं.

आता जाहिरातवाल्याच्या खुर्चीत बसा. शहरात पाचेक खासगी स्टेशनं. चार हिंदी, एक इंग्रजी. साबण, मोबाइल रिचार्ज, साड्यांचा सेल, सगळ्यांना मोठी संख्या हवी. इंग्रजी स्टेशनकडे श्रोता श्रीमंत असेल, पण थोडा. जाहिरातीचा दर थोडा जास्त मिळेल, पण फी तर सगळ्यांना सारखीच. हिंदी स्टेशनला जेवढी फी, तेवढीच गो ९२.५ ला. लिलावाच्या कागदावर 'कमी लोकांना आवडणारं संगीत' असा सवलतीचा रकाना नव्हता.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. "मुंबईत रॉकला श्रोताच नव्हता" हे वाक्य मी बऱ्याच लोकांकडून ऐकलंय आणि ते मला पटत नाही. श्रोता होता. दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारा श्रोता नव्हता. असा श्रोता कुणाकडेच नव्हता. मिर्चीसकट सगळेच ओरडत होते, विन ९४.६ तर बंदच पडलं. अमित मित्रा यांच्या समितीने २००३ मध्ये सांगितलं की ठरावीक फी सोडा, कमाईतला वाटा घ्या. २००५ च्या नव्या धोरणात ते आलं: सुरुवातीला एकदाच प्रवेश फी, नंतर वर्षाला कमाईच्या ४ टक्के. फार शहाणपणाचा बदल. पण तोवर गो ९२.५ वर हिंदी गाणी शिरली होती. २००६ मध्ये त्याचं रेडिओ वन झालं, फ्रिक्वेन्सी बदलून ९४.३ वर गेली आणि नव्या आखणीत शेजारी ९२.७ वर बिग एफएम आलं. मामाचा ठिपका या नव्या स्टेशनच्या इतका जवळ होता की काटा तिथं आणला की हिंदी लागणारच. सेल बदलून काही उपयोग नव्हता.

मग फी स्वस्त झाल्यावर तरी रॉक का नाही आला? कारण नियमात आणखी एक कलम होतं: एका शहरात एका कंपनीला एकच स्टेशन. हेतू चांगला, कुणाची मक्तेदारी नको. परिणाम विचित्र. तुमच्याकडे एकच दुकान असेल तर तुम्ही त्यात काय विकाल? सगळ्यांना लागतं ते. दहा जणांकडे प्रत्येकी एकच दुकान असेल तर रस्त्यावर दहा किराणा दुकानं दिसतील, पुस्तकाचं एकही नाही. मुंबईच्या खासगी स्टेशनांवर मराठी गाणी कमी का, ही तक्रार आपण किती वर्षं करतोय? मला वाटतं तिचं उत्तरही इथेच आहे. मराठी आणि रॉक हे दोघं एकाच गणितात नापास झाले. (मराठीसाठी निदान आकाशवाणीची अस्मिता वाहिनी होती.)

जगात रॉक रेडिओ कसा जन्मला हे बघितलं की हा मुद्दा आणखी पक्का होतो. अमेरिकेत ६० च्या दशकात एएमवर गर्दी होती आणि एफएम ओस पडलेला होता. मालक एकच कार्यक्रम दोन्हीकडे चालवायचे. तिथल्या नियामकाने नियम केला की मोठ्या शहरांत एफएमवर निदान अर्धा वेळ वेगळा कार्यक्रम हवा. आता स्वस्तात काहीतरी वाजवायला हवं होतं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या डबघाईला आलेल्या एफएम स्टेशनवर टॉम डॉनह्यू यांनी लांबच्या लांब गाणी, अख्ख्याच्या अख्ख्या रेकॉर्डी वाजवायला घेतल्या, आणि त्यातून तिथला रॉक एफएम उभा राहिला. कुणालाच नको असलेली जागा होती, म्हणून हे जमलं.

इंग्लंडची कथा तर आम्हा बंदरवाल्यांना जास्त आवडण्यासारखी. तिथं बीबीसीला रेकॉर्डी वाजवण्यावर तासांची मर्यादा होती. १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइनवाल्यांनी सरळ एक जहाज घेतलं, ते किनाऱ्यापासून सरकारच्या हद्दीबाहेर समुद्रात नांगरलं आणि तिथून गाणी सोडायला सुरुवात केली. लाखो लोक ऐकायला लागले. १९६७ मध्ये कायदा करून त्यांची रसद तोडली गेली आणि त्याच वर्षी बीबीसीने स्वतःचं रेडिओ १ काढलं, कॅरोलाइनसारख्या जहाजांवरचेच बरेचसे निवेदक घेऊन. भाऊच्या धक्क्याहून निघालेली लाँच घारापुरीच्या बाजूने जाते तेव्हा दूर नांगरलेली जहाजं दिसतात. त्यातल्या एखाद्यावर अँटेना असता तर, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. (करू नका. आपल्याकडे १८८५ चा तार कायदा होता, आता नवा आहे, आणि तटरक्षक दलाला विनोद कळत नाही.)

आपल्याकडेही जिथं हवेचं भाडं स्वस्त पडलं तिथं रॉक लगेच उगवला. वर्ल्डस्पेस आठवतंय का? उपग्रहावरून येणारा रेडिओ, वेगळा संच घ्यायचा, वर्गणी भरायची, अँटेनाचं तोंड आकाशाकडे करायचं. ए. आर. रहमान त्याच्या जाहिरातीत होते. एकाच उपग्रहावरून डझनावारी चॅनेल, त्यामुळे एक रॉकला दिलं तरी बिघडत नव्हतं. भारतात बरेच लोक पैसे भरून ऐकत होते. पण अमेरिकेतली मूळ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००९ संपताना इथली सेवा बंद झाली. आमच्या कॉलेजच्या एका सरांकडे तो संच होता. नंतर बरीच वर्षं त्याचा उपयोग पेपरवेट म्हणून.

दुसरं उदाहरण गोवा. तिथं रेडिओ इंडिगो ९१.९ हे इंग्रजी गाण्यांचं स्टेशन, बंगळूरचं भावंड. लहान शहरांत लिलावाची रक्कमच कमी, आणि गोव्यात पर्यटक व इंग्रजी ऐकणारे स्थानिक लोक यांचं प्रमाण मोठं. गणित सुटतं, तर गाणं वाजतं.

मुंबईत काय झालं? रेडिओ वन काही वर्षांनी ९४.३ वर पुन्हा इंग्रजीकडे वळलं, हे मान्य करायला हवं. कमाईच्या टक्क्यांची पद्धत आल्यावरच हे परवडलं, असं माझं अनुमान. पण एव्हाना मामाचा रेडिओ कपाटावर गेला होता. नंतर २०११ च्या धोरणाने एका शहरात एकाच कंपनीला एकापेक्षा जास्त स्टेशनं घ्यायला परवानगी दिली. आता तरी दुसरं दुकान पुस्तकांचं निघेल, अशी आशा होती. २०१५ मध्ये लिलाव झाला आणि मुंबईतली ९१.९ ही फ्रिक्वेन्सी पंधरा वर्षांसाठी १२० कोटींच्या वर गेली. पुन्हा भागाकार करा: मिनिटाला दीडशे रुपयांच्या आसपास, आणि शिवाय कमाईतला वाटा. फिरून भोपळे चौकात. त्यावर रेडिओ नशा आलं, जुन्या हिंदी गाण्यांचं. दुसरं दुकानही किराण्याचंच.

"मग आपणच काढू की स्टेशन," असं एका श्रोत्याने विचारलंय. कम्युनिटी रेडिओ. २००६ पासून संस्थांना ते मिळतं. म्हसवडला माणदेशी तरंग आहे, मुंबई विद्यापीठाचं रेडिओ मस्ट आहे, पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आहे. यांची कामं मोठी आहेत. पण व्यक्तीला लायसन मिळत नाही, नोंदणीकृत संस्था हवी. ताकद १०० वॉट, म्हणजे दहाएक किलोमीटर. निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा. नियम योग्यच आहेत, शेतकऱ्यांसाठी आणि गावासाठी केलेले. मोऱ्याच्या चार रॉकवेड्यांसाठी ते नाहीत. आम्ही तर मासळीचा भावही नीट सांगू शकणार नाही.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे येऊ. फोनमध्ये एफएम असेल तर इअरफोन लावल्याशिवाय ते चालत नाही, हे तुम्ही बघितलं असेल. कारण इअरफोनची वायर हाच अँटेना. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिचा पाव म्हणजे पाऊण मीटर. मीटरभर वायर त्याला चांगली पुरते. फोनवरचं वायरचं भोक गेलं, तसा अनेक फोनांतून रेडिओही गेला. २०२३ मध्ये सरकारने फोन कंपन्यांना सांगितलं की एफएमची सोय बंद करू नका, आपत्तीच्या वेळी लागते. ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी एकदा मोरा धक्क्यावर येऊन लावून बघा. भरतीची वेळ बघून या म्हणजे परतही जाता येईल.

आणि शेवटी, या एपिसोडमध्ये गाणं का नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ३१-ड हे कलम आलं. रेडिओ स्टेशनने आगाऊ नोटीस द्यायची, ठरवून दिलेली रॉयल्टी भरायची आणि प्रसिद्ध झालेलं गाणं वाजवायचं; प्रत्येक मालकाच्या दारात जाऊन परवानगी मागायची गरज नाही. हे इंटरनेटला लागू होतं का, असा प्रश्न आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात सांगितलं, नाही. इंटरनेटवर वाजवायचं तर मालकाशी बोलून त्याने सांगितलेल्या अटींवर. एका गाण्यात रेकॉर्डिंगचा मालक वेगळा, शब्द आणि चालीचा मालक वेगळा असू शकतो. एका परदेशी रॉक गाण्याचे तीस सेकंद वापरता येतील का, म्हणून मी एका कंपनीला मेल केला. उत्तर आलं, त्यात किमान रकमेचा आकडा होता. तो आमच्या पॉडकास्टच्या आजवरच्या सगळ्या कमाईपेक्षा मोठा होता. (कमाई म्हणजे माझ्या बहिणीने पाठवलेले पाचशे एक रुपये.)

म्हणजे बघा, मामाच्या वेळी हवा महाग होती. आता हवा फुकट आहे, मी मोऱ्यात बसून बोलतो आणि तुम्ही पुण्यात, नाशकात, दुबईत ऐकता. पण त्या फुकटच्या हवेत मला गाणंच सोडता येत नाही. गाणी सगळी मोठ्या ॲपांवर आहेत, हे खरं. मामालाही मी एक ॲप घालून दिलं. त्याने डीप पर्पल ऐकलं, खूश झाला. दोन दिवसांनी म्हणाला, "याच्यात पुढचं गाणं कोण लावतं?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. "त्याला सांग मधे जरा कुणीतरी बोलायला पाहिजे. भरती किती वाजता आहे वगैरे."

जुना रेडिओ अजून त्याच्याकडे आहे, ठिपक्यासकट. तर एक विनंती. २००२ ते २००५ मधलं गो ९२.५ तुमच्यापैकी कुणी घरी कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवलं असेल, मधल्या निवेदनासकट, तर मला कळवा. एपिसोडमध्ये वाजवता येणार नाही. मामाला ऐकवायचंय.